पटावरची मुले, छताखालची मुले

दरवर्षी ३० सप्टेंबरला जिल्हा परिषदेच्या शाळेत पट धरला जातो. त्या दिवशी हजेरीवर किती नावे आहेत यावर संचमान्यता होते आणि संचमान्यतेवर शिक्षकांची पदे ठरतात. त्यामुळे सप्टेंबरचा शेवटचा आठवडा गुरुजींच्या धावपळीचा असतो. वाडीवस्तीवर जायचे, मामाच्या गावी राहिलेले पोर परत आणायला सांगायचे, दाखला न नेता गेलेल्याच्या घरी चार चकरा मारायच्या.

लातूर-धाराशिवच्या माणसाला ही तारीख वेगळ्याच कारणाने पाठ आहे. १९९३ चा ३० सप्टेंबर, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटे. गणपती विसर्जन करून गावे नुकती निजली होती. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावे दगडमातीच्या भिंतींखाली, माळवदांखाली गाडली गेली. दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. मी तेव्हा औसा तालुक्यात एका दोनखोली शाळेवर होतो, नोकरीला पाच वर्षे झालेली. सकाळी शाळेकडे गेलो तर एका खोलीची मागची भिंत अख्खी आत आलेली होती. दगडांचा ढीग बरोबर तिथे पडला होता, जिथे पहिलीची लेकरे बसायची. ढिगाखालून बस्करपट्टीची कडा दिसत होती. सकाळी अकराला जमीन हलली असती तर काय झाले असते, हा हिशेब मी पुढे नोकरीभर अनेकदा सुरू केला आणि दरवेळी अर्ध्यात सोडला.

त्या वेळच्या भूकंपाच्या नकाशात आमचा भाग पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्रात होता. २००२ च्या सुधारित मानकात तो तिसऱ्यात गेला. तिकडे हिंगोली-नांदेड-परभणीच्या पट्ट्यातही जमीन स्वस्थ नाही. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे भागातले लोक जमिनीतून येणाऱ्या आवाजांबद्दल किती वर्षांपासून सांगत आहेत. २०२४ मध्ये मार्चमध्ये आणि पुन्हा जुलैमध्ये हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचे धक्के बसले. पण शाळेची खोली पडायला भूकंपच लागतो असे नाही. चार दिवसांची झड पुरते. ऑगस्ट २०१७ मध्ये बीडच्या शेजारी नगर जिल्ह्यात निंबोडी गावी पावसात शाळेचे छत कोसळले आणि ३ मुले गेली. २५ जुलै २०२५ ला राजस्थानातल्या झालावाड जिल्ह्यात पिपलोदी गावी सरकारी शाळेची इमारत पडली, ७ मुले गेली. दुसऱ्याच दिवशी केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने सगळ्या राज्यांना शाळांचे सुरक्षा ऑडिट करायला सांगितले. आमच्या जुन्या सहकाऱ्यांच्या मोबाइलवर लगोलग तक्ते आले. आजच पाच वाजेपर्यंत भरून द्या.

पिपलोदीच्या बातम्यांत एक ओळ होती, ती मी दोनदा वाचली. ती इमारत धोकादायक शाळांच्या यादीत नव्हती, असे तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांनी सांगितले होते. पुष्कळांना याचे नवल वाटले. मला वाटले नाही, कारण माझ्या हातूनही एक शाळा यादीत जायची राहिली आहे. राहिली म्हणजे मी ती राहू दिली.

२००८ च्या सुमारास मी एका चारखोली शाळेवर मुख्याध्यापक म्हणून रुजू झालो. गावाचे नाव घेत नाही. चारपैकी दोन खोल्यांचा स्लॅब नव्वदीतला होता. पावसाळ्यात तुळईजवळून पाणी झिरपायचे, पोपडे गळून गज उघडे पडले होते, गजांना हात लावला तर बोटाला तांबूस भुगा लागायचा. मी रीतसर वाटेने गेलो. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, फोटो, केंद्रप्रमुखांचा शेरा, गटशिक्षणाधिकाऱ्यांचे पत्र, मग बांधकामचा उपविभाग. पाहणीला साहेब चौदा महिन्यांनी आले. निर्लेखनाची, म्हणजे खोली दप्तरातून कमी करून पाडण्याची, मंजुरी यायला आणखी वर्ष गेले. मग मोडतोडीचा लिलाव झाला. दारे, खिडक्या, गज, फरशी घेणाऱ्याने उचलून नेली आणि शाळेच्या मधोमध एक उघडा चौथरा उरला. नव्या खोल्यांचा प्रस्ताव आम्ही त्याच आठवड्यात पाठवला होता. पाच वर्षांनी मी बदलून गेलो तेव्हा त्या चौथऱ्याच्या भेगांत येड्या बाभळी उगवल्या होत्या. सातवीपर्यंतची शाळा दोन खोल्यांत आणि व्हरांड्यात भरत होती. १३२ चा पट ८७ वर आला. पट उतरला म्हणून शिक्षक अतिरिक्त ठरले, आणि पट उतरला म्हणूनच नव्या खोल्यांच्या प्रस्तावावर ‘गरज तपासावी’ असा शेरा आला.

पुढच्या शाळेत पहिल्याच जूनमध्ये तसाच स्लॅब दिसला. यू-डायसच्या, म्हणजे शाळेची माहिती दरवर्षी सरकारला कळवायच्या, फॉर्ममध्ये प्रत्येक खोलीची स्थिती विचारतात: चांगली, किरकोळ दुरुस्ती, मोठी दुरुस्ती. मी ‘किरकोळ दुरुस्ती’ लिहिले. ते खोटे होते. सलग चार वर्षे लिहिले. दुसरीचा वर्ग मागच्या भिंतीकडे सरकवला, फरशीवर खडूने रेघ ओढली आणि लेकरांना सांगितले, रेघेच्या पुढे कुणी जायचे नाही. रेघेपलीकडे काही पडले नाही, याचे श्रेय माझ्याकडे येत नाही.

गावालाही हेच हवे होते. पहिल्या शाळेत निर्लेखनाच्या ठरावाच्या वेळी समितीतल्या एक आजी म्हणाल्या होत्या, “गुरुजी, लेकरं लिंबाखाली बसवा, पण खोली पाडू नगा. पाडल्यावर कोण बांधून देतंय?” मी त्यांना कायदा समजावून सांगितला होता. आजींचे बरोबर निघाले.

मला जे म्हणायचे आहे ते एवढेच. शाळेच्या इमारतीचा धोका लपतो तो अडाणीपणामुळे नाही, आणि दरवेळी भ्रष्टाचारामुळेही नाही. खरे सांगणाऱ्याची खोली जाते, खोली गेली की पट जातो, पट गेला की पद जाते आणि पद गेले की शाळा जाण्याची वेळ येते, हे प्रत्येक मुख्याध्यापकाला ठाऊक असते म्हणून तो लपतो. जोवर खरे सांगणे इतके महाग आहे तोवर कितीही ऑडिटे काढा, तक्त्यात ‘किरकोळ’च येणार. खोली धोकादायक ठरवणारा कागद आणि पर्यायी जागा देणारा कागद हा एकच कागद असला पाहिजे. आज ते दोन वेगळे कागद आहेत, दोन वेगळ्या विभागांत आहेत, आणि पहिला निघाल्यावर दुसरा निघेलच याची हमी कुठल्याच नियमात मला कधी दिसली नाही.

सरकारला मोजता येत नाही, असे कुणी म्हणू नये. नांदेडात सुरू झालेली पटपडताळणी ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर झाली. तीन दिवसांत राज्यातल्या सगळ्या शाळांतली मुले मोजली. एक पोर दोन शाळांत सापडू नये म्हणून मतदाराला लावतात तशी बोटाला शाई लावली. महसूल, कृषी, पाटबंधारे, दिसेल त्या खात्याचा माणूस शाळेत उभा केला होता. बोगस पट शोधायला एवढे बळ आले. खोल्यांची माहिती मात्र आम्ही भरायची. मी मराठी आणि इतिहास शिकवणारा माणूस. गजाला किती गंज चढला म्हणजे दुरुस्ती किरकोळची मोठी होते, हे मला कुणी, कुठल्या प्रशिक्षणात सांगितले? तुळईला गेलेली उभी तड आणि गिलाव्याची तड यांतला फरक मी एका गवंड्याकडून शिकलो, तोही चहा पाजून.

आणि निवडणूक लागली की याच खोल्यांना भाग्य येते. मतदान केंद्र म्हणून पाहणी होते. उतरता रस्ता आहे का, दिवा लागतो का, पाणी आहे का, तलाठी आणि मंडळ अधिकारी येऊन पाहतात आणि नसेल ते चार दिवसांत होते. आमच्या शाळेचा रॅम्प असाच लोकसभेच्या आदल्या आठवड्यात झाला. एका दिवसाच्या मतदाराची जेवढी चिंता, तेवढी वर्षाचे दोनशेहून अधिक दिवस तिथे बसणाऱ्या लेकराची केली तरी निम्मे काम होईल. स्लॅब मात्र त्या पाहणीतही कुणी वर मान करून पाहत नाही.

आता हे स्लॅब इतक्या लवकर का खराब झाले, हे नीट पाहायला हवे, कारण त्यात मराठवाड्याचा स्वतःचा दोष आहे आणि मराठवाड्याची स्वतःची माती आहे. १९८७ मध्ये खडू-फळा मोहीम आली. शाळेला किमान दोन खोल्या, दोन शिक्षक. जवाहर रोजगार योजनेसारख्या रोजगाराच्या पैशांतून खोल्या उभ्या राहिल्या. पुढे २००१ नंतर सर्व शिक्षा अभियानात खोल्यांचा पूर आला. हेतू चांगलाच होता. ज्या तांड्यावर लिंबाखाली शाळा भरायची तिथे पहिल्यांदा छत आले. पण पैसा सुटायचा फेब्रुवारी-मार्चमध्ये. मार्च एंडच्या आत खर्च दाखवायचा. म्हणजे स्लॅब पडणार मार्च-एप्रिलमध्ये. त्या दिवसांत आमच्याकडची गावे काय करत असतात? टँकरची वाट पाहत असतात. साध्या सिमेंटचा स्लॅबसुद्धा निदान सात दिवस सतत ओला ठेवावा लागतो, राख मिसळलेल्या सिमेंटचा दहा दिवस किंवा जास्त. पिण्याचे पाणी दोन घागरी मिळते तिथे शाळेच्या स्लॅबवर पाणी कोण मारणार? ज्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या जिल्ह्यात उन्हाळ्यात ओतलेला स्लॅब किती प्यायला असेल याचा अंदाज करा. कच्चा राहिलेला स्लॅब पाणी शोषतो, पाणी गजापर्यंत पोचते, गंजलेला गज फुगतो आणि खालचे काँक्रीट ढकलून देतो. पोपडा पडतो तो असा. वरून गिलावा मारला की आत गंज चालूच राहतो, फक्त दिसायचा बंद होतो.

सर्व शिक्षाच्या खोल्या बांधायच्या कुणी, तर मुख्याध्यापकाने. पैसे समितीच्या खात्यावर, सही त्याची, जबाबदारी त्याची. ज्याने आयुष्यात गोठाही बांधला नाही त्या माणसाने वाळूची ट्रॅक्टर मोजायची, गज तोलून घ्यायचे आणि मिस्त्रीची मर्जी सांभाळायची. काहींनी यात हात ओले केले, हे लपवण्यात अर्थ नाही. पण बरेच जण अर्धवट राहिलेल्या खोलीच्या वसुलीत अडकले आणि निवृत्तिवेतनासाठी खेटे घालत राहिले. तेव्हापासून मुख्याध्यापकाला बांधकाम या शब्दाचीच धास्ती बसली. खोलीबद्दल जितके कमी लिहू तितके बरे.

खाली काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, वैशाखात तिला पाऊल जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा मातीवर पाया खोल नेऊन, जोत्याला काँक्रीटची पट्टी बांधून भिंत उभी करावी लागते. गवंड्यांना ते माहीत आहे. पण खोलीचा नकाशा आणि दर सगळीकडे सारखा असला की पायाची खोली कमी होते, कारण पाया उद्घाटनाच्या फोटोत येत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना, मांजरा, सिंदफणा, गोदावरी अशा सगळ्याच नद्यांनी गावे बुडवली, तेव्हा कितीतरी शाळांच्या जोत्याखाली दिवसेंदिवस पाणी मुरले. ती माती सुकताना भिंती कुठे कुठे खचल्या, हे पाहायला प्रत्येक शाळेत अभियंता गेला पाहिजे होता. चिखल काढला, भिंती धुतल्या, शाळा भरल्या.

भिंतीवरून आठवले. गेली काही वर्षे शाळा सुंदर करण्याच्या मोहिमा जोरात आहेत. बोलक्या भिंती, रेल्वेच्या डब्यासारखे रंगवलेले व्हरांडे, बक्षिसे. मी रंगाच्या विरोधात नाही. रंगीत शाळेत लेकरू हसत येते, हे मी पाहिले आहे. पण तडेवर लांबी, म्हणजे पुट्टी, भरून त्यावर बाराखडी काढली की पुढच्या वर्षी ती तड रुंदावली का हे कळायचा मार्गच बंद होतो. तडेवर दोन पेन्सिलीच्या खुणा करून तारीख टाकून ठेवायची, ही साधी गोष्ट कुठल्या गुणांकनात नाही.

उलट बाजूही सांगतो, नाहीतर ‘जुने ते सगळे पाडा’ असे कुणी वाचेल. मराठवाड्यात निजामाच्या काळातल्या दगडी शाळा आहेत. चुन्यात बांधलेल्या जाड भिंती, उंच छत, एप्रिलमध्येही आत गार. यांतल्या काही खरोखर थकल्या आहेत. पण काहींचे फक्त वासे कुजलेत, कौले सरकलीत, भिंतीच्या मुळाशी पिंपळ रुजलाय. अशा इमारतीला वेळेत दुरुस्ती केली आणि छताच्या पातळीला भिंती चारी बाजूंनी बांधून घेतल्या, तर त्या तीस वर्षांच्या स्लॅबपेक्षा जास्त टिकतील. पण दुरुस्तीला पैसा नाही, बांधायला आहे. शाळेला वर्षाचे जे अनुदान येते ते पटावर ठरते: तीसपर्यंत पट असेल तर १० हजार, शंभरपर्यंत २५ हजार, अडीचशेपर्यंत ५० हजार. त्यातच वीजबिल, खडू, फिनेल, कुलपे. चार खोल्यांच्या छतावर एकदा नीट वॉटरप्रूफिंग करायचे म्हटले तर कित्येक वर्षांचे अनुदान साठवावे लागेल, आणि ते साठवता येत नाही, त्याच वर्षी खर्चावे लागते. मग गळते ते गळत राहते. दहा वर्षांनी खोली ‘धोकादायक’ होते आणि तेव्हा लाखांचे अंदाजपत्रक निघते.

जागेचा प्रश्न याच दोरीला बांधलेला आहे. सरकार खोल्या मोजते ती शिक्षकांवर. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात ‘दर शिक्षकामागे किमान एक खोली’ असे आहे. म्हणजे दोन शिक्षक, चार वर्ग, दोन खोल्या: हिशेब पूर्ण. त्या दोन खोल्यांतली एक बंद असली तरी कागदावर दोनच. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज, पंढरपूर, रांजणगाव या औद्योगिक पट्ट्यात कामगारांच्या वस्त्या वाढल्या तशी शाळांत मुलांची दाटी झाली. तिथे एका बाकावर तिघे-चौघे आणि दोन पाळ्या. त्याच वेळी धारूर, पाटोदा, शिरूर कासार या ऊसतोड कामगारांच्या तालुक्यांत दिवाळीनंतर वर्ग ओस पडतात. सप्टेंबरच्या पटावर चाळीस, डिसेंबरच्या बाकावर अठरा. ज्यांची हंगामी वसतिगृहात सोय झाली ती शाळेजवळ राहतात, बाकीची फडात. ३० सप्टेंबरच्या एका दिवसाने कोणाला किती छत लागते हे कळत नाही. वाळूजला ते वर्षभर लागते आणि जास्त लागते. धारूरला ते मार्चपर्यंत एका तऱ्हेने लागते, टोळ्या परतल्या की दुसऱ्या तऱ्हेने, आणि वसतिगृहासाठी एक धड खोली रात्रीचीही लागते.

पत्र्याच्या खोल्या हा यावर काढलेला सोपा तोडगा. लवकर होतात, स्वस्त पडतात, भूकंपात अंगावर पडल्या तरी जीव वाचेल, हा त्यांचा गुण मी मान्य करतो. पण २०२५ पासून परीक्षा एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत लांबल्या. पारा ४२ वर गेलेला असताना पत्र्याखाली तिसरीचे लेकरू पेपर लिहीत बसते, तेव्हा छत सुरक्षित आहे असे म्हणायला जीभ धजत नाही. वळवाच्या वाऱ्यात पत्रे उडतात ते वेगळेच.

खोली बंद केली तर मुले कुठे बसवायची, याचे आमच्याकडचे उत्तर ठरलेले: देवळात नाहीतर समाजमंदिरात. आमदार निधीतून झालेला सभामंडप जवळजवळ प्रत्येक गावात आहे. शाळेच्या खोलीला निधी मागायला गेले की तो दुसऱ्या खात्याचा विषय ठरतो, सभामंडपाला तसे आड येत नाही. तिथे वर्ग बसवा, मी बसवलेत. पण सप्ताह लागला की सुट्टी, लग्न असले की सुट्टी. आणि एक गोष्ट आम्ही शिक्षक मोठ्याने बोलत नाही. मारुतीच्या देवळात वर्ग बसला की काही घरची मुले दाराशीच घुटमळतात. समाजमंदिर ज्या वस्तीत आहे त्या वस्तीत पोरे पाठवायला काही घरे कां-कूं करतात. शाळेच्या खोलीत हा प्रश्न निदान उंबऱ्याबाहेर तरी राहतो. म्हणून पर्यायी जागा म्हणजे कुठलीही चार भिंतींची जागा, असे मला वाटत नाही. ती शाळेच्याच आवारात असायला हवी, निदान शाळेच्या मालकीची तरी.

कायद्यात कमी नाही. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. बारमाही इमारत, कुंपण, स्वच्छतागृह, पाणी हे पुरे करायला तीन वर्षांची मुदत होती, ती २०१३ मध्ये संपली. त्याआधी, कुंभकोणमच्या शाळेत २००४ मध्ये आग लागून ९४ मुले गेली, त्यानंतरच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये स्पष्ट केले की सुरक्षित शाळा हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, निम्म्या महिला असतात, शाळेचा विकास आराखडा तीच करते. कागदावर सगळे आहे. पण त्या समितीला एक साधी गोष्ट करता येत नाही: खोलीला कुलूप लावून ‘आमची मुले इथे बसणार नाहीत, आणि यामुळे आमच्या शाळेचे काही कमी होणार नाही’ असे म्हणता येत नाही.

यावर पहिला आक्षेप पैशाचा येतो. तो खरा आहे. पण मी नव्या इमारती मागत नाही आहे, निदान आधी नाही. आधी पाहणी, मग दुरुस्ती, मग जिथे इलाज नाही तिथे पाडणे, आणि पाडायच्या आधी पर्याय. यातले पहिले दोन स्वस्त आहेत. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांवर खर्च का करायचा, त्या मिळून एक समूह शाळा चांगली बांधा. २०२३ मध्ये हा विचार शासनाने पुढे केला, तेव्हा राज्यात अशा शाळा १४ हजारांच्या वर होत्या. मला हे सरसकट चूक वाटत नाही. रस्ता पक्का असेल, गाडी रोज येणार असेल, तर पाच मुलांची शाळा बारा मुलांची होण्यात लेकरांचेच भले आहे. पण आमच्याकडे तांडा आणि गाव यांच्यामध्ये ओढा असतो. जुलै ते सप्टेंबर तो ओलांडायचा कसा, मुलीला एकटीला कोण पाठवणार, हे त्या आराखड्याच्या रकान्यात मावत नाही. आणि समूह शाळा होणार होणार म्हणून आजच्या खोलीची दुरुस्ती थांबवली तर ती शाळा बंद करायचा निर्णय न घेताच बंद पाडल्यासारखे होते. बंद करायची तर सांगून करा. तोवर छत सांभाळा.

तिसरा आक्षेप मला एका निवृत्त अभियंत्याने घातला. तो म्हणाला, खोल्यांच्या पाहणीवर अभियंत्याच्या तारखेची आणि सहीची सक्ती केलीत तर आमचे लोक स्वतःची मान वाचवायला दिसेल त्या खोलीवर ‘धोकादायक’ मारतील. ठेकेदारांना तेच हवे. हे खरे होईल, मला शंका नाही. म्हणूनच शेरा मारणाऱ्यालाच दुरुस्तीचा अंदाज लिहायला लावले पाहिजे: काय केले तर ही खोली दहा वर्षे चालेल, किती लागेल, आणि चालणारच नसेल तर का. पाडा असे नुसते लिहून सुटता येऊ नये. कनिष्ठ अभियंत्यांची पदे रिकामी आहेत हे मलाही ठाऊक आहे. मराठवाड्यात सरकारी तंत्रनिकेतने आहेत, अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. त्यांच्या स्थापत्य विभागांना उन्हाळ्यात आजूबाजूच्या शाळांची दोन-दोन केंद्रे वाटून द्या. मुले शिकतील आणि शाळा पाहून होतील. अंतिम सही सरकारी अभियंत्याचीच राहू द्या.

पाहणी मेअखेर संपली पाहिजे, कारण शाळा जूनच्या मध्यावर उघडते आणि पाऊसही त्याच सुमारास येतो. मुख्याध्यापकाला आणि समितीला त्याच दिवशी खोली बंद करण्याचा अधिकार हवा, वरची मंजुरी मागाहून येऊ दे. बंद खोलीच्या बदल्यात आवारात तात्पुरता वर्ग पंधरा दिवसांत उभा राहावा, त्यासाठी जिल्हा नियोजनाच्या पैशातून काही हिस्सा दरवर्षी आधीच बाजूला काढून ठेवलेला असावा, अपघात झाल्यावर शोधायला लागू नये. आणि सगळ्यांत महत्त्वाचे, ज्याच्यासाठी मी हा लेख लिहायला बसलो: ज्या शाळेने खोली धोकादायक कळवली, तिच्या संचमान्यतेत आणि खोल्यांच्या संख्येत पुढची तीन वर्षे, नवी खोली पुरी होईपर्यंत, घट करू नये. जागा गेल्यामुळे पट उतरला तर तो उतार शाळेच्या नावावर लावू नये. हा एक शासन निर्णयाचा विषय आहे, एका पानाचा. त्याला सिमेंट लागत नाही. तो निघाला तर पुढच्या वर्षी तक्त्यातल्या ‘किरकोळ’चे ‘मोठी’ किती ठिकाणी होते ते पाहा. आकडा भीतिदायक येईल. येऊ द्या, तो आजही तेवढाच आहे.

मार्च २०२२ पासून पुढे कितीतरी काळ आमच्याकडच्या जिल्हा परिषदांवर प्रशासक होते. त्या काळात खोलीचे गाऱ्हाणे न्यायला सदस्यच नव्हता. पालक आमदाराकडे जायचे, आमदार अधिकाऱ्याकडे बोट दाखवायचे. जिल्हा परिषद सदस्य काही देवमाणूस नसतो, पण शाळेच्या छतासाठी सभेत टेबल वाजवायला तेवढा एकच माणूस असतो. मते मागायला जो येईल त्याला पालकांनी शाळेतल्या सगळ्या खोल्यांतून एकदा फिरवून आणावे, बंद खोलीतूनसुद्धा, आणि मान वर करायला सांगावे.

शाळेच्या दर्शनी भिंतीवर आज पोषण आहाराचा तक्ता असतो. कोणत्या वारी काय शिजणार, किती ग्रॅम तांदूळ, सगळे लिहिलेले. शेजारी शिक्षकांची नावे, समितीच्या सदस्यांची नावे. त्याखाली हातभर जागा असते. तिथे प्रत्येक खोलीच्या नंबरापुढे लिहावे: शेवटची तपासणी कोणत्या तारखेला, कोणत्या पदाच्या अभियंत्याने केली, काय आढळले. ऑइलपेंटने नाही, खडूने, म्हणजे दर उन्हाळ्यात पुसून नव्याने लिहावे लागेल.